टाकलेले काढताना

संगणकांच्या दुरुस्तीत आणि व्यवस्थापनात ज्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत, त्या आमच्या वाचकांस ‘फॉरमॅट मारा’ या दोन शब्दांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. यंत्र मंदावले, प्रिंटर ऐकेनासा झाला, काढलेले सॉफ्टवेअर पुन्हापुन्हा डोके वर काढू लागले, की तासाभराच्या खटपटीनंतर हाच निकाल दिला जातो, गिऱ्हाईकही तो मुकाट्याने मान्य करते, आणि संध्याकाळपर्यंत यंत्र कोरे होऊन कामास लागते. यात वेळ वाचतो हे आम्हांस कबूल आहे; परंतु ज्या व्यवसायात वस्तू बसविण्याचे नाना मार्ग शिकविले जातात आणि ती काढण्याचा मार्ग मात्र घर पाडून नव्याने बांधणे हाच उरतो, त्या व्यवसायाच्या शिक्षणात काही मूलभूत उणीव राहून गेली आहे अशी आमची धारणा आहे, आणि तिच्याविषयी या अंकाच्या आरंभी थोडे सविस्तर लिहावे असे वाटते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कार्यालयात आम्ही स्वतःच हा निकाल दिला होता. तेथील एका यंत्रावरचा मुदत संपलेला अँटिव्हायरस कंट्रोल पॅनेलमधून निघेना, म्हणून त्याचा फोल्डर हातानेच पुसून आम्ही यंत्र पुन्हा सुरू केले, तो नेटवर्क बंद. ये-जा करणारी माहिती तपासता यावी म्हणून त्या सॉफ्टवेअरने नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरबरोबर आपलाही एक गाळणी-ड्रायव्हर जोडून ठेवला होता. फाईल गेली तरी त्या साखळीतील तिची नोंद रजिस्ट्रीत कायम राहिली, आणि नोंदीबरहुकूम शोध घेणाऱ्या विंडोजला साखळीची एक कडी सापडेना. हे कारण त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही कागदपत्रांची प्रत काढली आणि फॉरमॅट मारला.

पुढे 2005 च्या ऑक्टोबरअखेर मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने सोनी बीएमजीच्या संगीत-तबकडीतून आपल्या यंत्रात गुपचूप शिरलेल्या सॉफ्टवेअरचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील एक तपशील वाचून आम्हांस आमचा तो दिवस आठवला: त्या सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर पुसताच त्यांच्या यंत्रातील सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला होता. कारण तेच, गाळणी गेली आणि नोंद राहिली. त्यांनी ती नोंद शोधून दुरुस्त केली. आम्ही यंत्र कोरे केले. त्या कंपनीने काढून टाकण्यासाठी म्हणून जे साधन नंतर वेबवरून दिले, त्यानेच यंत्रात नवे भगदाड पडत असल्याचे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिले, ही गोष्टही आमच्या व्यवसायाने विसरू नये.

सॉफ्टवेअर म्हणजे एक फोल्डर ही समजूतच या साऱ्या अनर्थाचे मूळ आहे. बसविले जाते तेव्हा त्याच्या फायली दहा ठिकाणी जातात, इतरांबरोबर सामाईक असलेल्या लायब्रऱ्यांत भर पडते, यंत्र सुरू होताच आपोआप चालणाऱ्या सेवा नेमल्या जातात, वेळापत्रकात कामे घातली जातात, आणि वापर सुरू झाला की वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी व त्याची स्वतःची कागदपत्रे यांची त्यात रोज नवी वाढ होते. तेव्हा काढणे म्हणजे यांपैकी कोणती वस्तू कोणाच्या मालकीची याचा निवाडा करणे होय, आणि दप्तराशिवाय असा निवाडा कोणासही करता येत नाही.

हे दप्तर सर्वांत चोख कोणी ठेवले असेल तर डेबियनने, असे आमचे मत आहे. इअन मर्डॉक यांनी 1993 मध्ये आरंभिलेल्या या लिनक्स-वितरणात डीपीकेजी हा कार्यक्रम प्रत्येक पॅकेजने कोणत्या फायली आणल्या त्यांची यादी जतन करतो, आणि एखादी फाईल पुढे करून ‘ही कोणाची?’ असे विचारले असता पॅकेजाचे नाव सांगतो. परंतु त्याहून अधिक आदर आम्हांस वाटतो तो ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ या दोन आज्ञांमधील भेदाविषयी. पहिलीने कार्यक्रम जातो, मात्र त्याच्या कॉन्फिगरेशनच्या फायली जागच्या जागी राहतात, आणि यादीत त्या पॅकेजापुढे ‘आरसी’ ही दोन अक्षरे उमटतात. दुसरीने त्या फायलीही जातात. पॅकेज वितरणाने दिले असले, तरी त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये व्यवस्थापकाने रात्री जागून जे फेरफार केले ते त्याच्या श्रमांचे धन आहे, आणि पाहुण्याला निरोप देताना यजमानाचे धन बाहेर फेकावयाचे नसते, हा विचार त्या दोन आज्ञांच्या पाठीशी उभा आहे. अर्थात हेही दप्तर सर्वज्ञ नव्हे: कार्यक्रम चालू असताना त्याने स्वतः निर्माण केलेल्या फायली त्या यादीत नसतात, आणि मूळ संहिता आणून ‘मेक इन्स्टॉल’ने बसविलेल्या सॉफ्टवेअरची तर नोंदच होत नाही. तेथे उलट मार्ग असतो तो मूळ लेखकाने तो लिहून ठेवला असेल तरच.

विंडोजची कहाणी वेगळी आहे. रजिस्ट्री 1992 मध्ये विंडोज 3.1 बरोबर मर्यादित कामापुरती आली आणि विंडोज 95 पासून साऱ्या कारभाराचे केंद्र झाली. त्याच विंडोज 95 ने कंट्रोल पॅनेलमध्ये सॉफ्टवेअर काढण्याची यादीही दिली. परंतु त्या यादीत मुख्यतः असते ते सॉफ्टवेअरचे नाव आणि ते काढणाऱ्या कार्यक्रमाचा पत्ता. काय काढावे व काय ठेवावे हे तो कार्यक्रम लिहिणाराच ठरवितो. सामाईक लायब्ररीवर जुनी आवृत्ती टाकून दुसऱ्याचे काम बंद पाडणारे, किंवा जाताना ती लायब्ररीच बरोबर नेणारे कार्यक्रम त्या पिढीतील प्रत्येक तंत्रज्ञाने पाहिले आहेत. यावर उपाय म्हणून 1999 मध्ये विंडोज इन्स्टॉलर आले. त्यात बसविण्याची हकिकत कोष्टकांत मांडलेली असते, सामाईक घटक किती जण वापरतात याची मोजदाद होते, आणि मध्येच काही बिघडले तर केलेले फेरफार मागे घेतले जातात. या दप्तराची प्रत विंडोजच्या फोल्डरातील ‘इन्स्टॉलर’ नावाच्या लपविलेल्या उपफोल्डरात राहते. डिस्क भरली म्हणून तो उपफोल्डर रिकामा करणारे पुष्कळजण आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनी दप्तरच जाळलेले असते, आणि पुढे सॉफ्टवेअर अद्ययावतही होत नाही व निघतही नाही, तेव्हा पुन्हा तोच निकाल दिला जातो.

मॅकवर चित्र उचलून कचरापेटीत टाकले की काम झाले असे दिसते, आणि साध्या कार्यक्रमांपुरते ते बहुतांशी खरेही आहे. लायब्ररी फोल्डरात मागे राहणारे त्यांचे अवशेष बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु पॅकेजमधून बसविलेल्या सॉफ्टवेअरची पावती व्यवस्था जपून ठेवते, आणि त्या पावतीवरून ते काढण्याची आज्ञा मात्र देत नाही.

काढण्यातील निष्काळजीपणा बसविण्यातील निष्काळजीपणापेक्षा किती घातक असतो, हे 2001 च्या नोव्हेंबरात जगाने पाहिले. आयट्यून्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे मॅक ओएस एक्ससाठीचे इन्स्टॉलर प्रथम जुनी आवृत्ती पुसत असे. तिचा मार्ग आज्ञेत लिहिताना अवतरणचिन्हे राहून गेली, आणि ज्यांच्या डिस्कच्या नावात रिकामी जागा होती अशा काहींच्या साऱ्या डिस्काच पुसल्या गेल्या. अ‍ॅपलने ते इन्स्टॉलर त्वरित मागे घेतले. पुसण्याची आज्ञा देणाऱ्या प्रत्येक संहितेतील मार्ग दुसऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याखेरीज ती चालवू नये, असा आग्रह आम्ही तेव्हापासून धरीत आलो आहोत.

आता त्या पतसंस्थेच्या कागदपत्रांविषयी. प्रत काढलेल्या फायली सुरक्षित होत्या, आणि तरीही संचालक मंडळाची इतिवृत्ते उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आयएसएम, श्रीलिपी यांसारख्या संचांनी मराठी कचेऱ्यांस संगणकावर आणण्याचे फार मोठे कार्य केले. परंतु त्या काळच्या फाँटांत देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत, प्रत्येकाची मांडणी निराळी असे, आणि म्हणून फाँट गेला की मजकूरच मुका होई. फॉरमॅटपूर्वी कोणते फाँट होते हे आम्ही टिपून घेतले नव्हते. अखेर दुसऱ्या शाखेतील यंत्रावरून ते आणावे लागले. तोवर तेथील चिटणिसांना तीन दिवस आम्ही तोंड दाखवू शकलो नाही.

म्हणून प्रत्येक यंत्रामागे एक साधी वही ठेवावी, अशी आमची आमच्या वाचकांस कळकळीची विनंती आहे. काय टाकले, कोठून आणले, कोणत्या दिवशी, कोणाच्या सांगण्यावरून, त्याने कोणत्या सेवा व ड्रायव्हर आणले, आणि काढले तेव्हा काय हेतुपुरस्सर मागे ठेवले, एवढे तीत असावे. आमच्या त्या वहीतील पहिली नोंद त्याच पतसंस्थेची आहे: ‘जुने मराठी फाँट काढू नयेत, 2004 पर्यंतची इतिवृत्ते त्यांतच आहेत.’