डेमोची दुचाकी : सूट किती, बचत किती?

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात येणारा ग्राहक मोठा चोखंदळ असतो. निर्यातीतून उरलेले कपडे येथे अल्प किमतीत मिळतात. म्हणून तो सदरा उलटा करून शिवण पाहतो, बटणे मोजतो, डाग शोधतो आणि मगच खिशात हात घालतो. स्वस्ताईमागे काही कारण असणारच, हे त्याला पक्के ठाऊक असते. नवल असे की, हाच ग्राहक मोटारसायकलीच्या दालनात शिरला आणि विक्रेत्याने ‘डेमो’ची गाडी सवलतीत देऊ केली की सारी सावधगिरी दाराबाहेर ठेवतो. सदऱ्याला जो न्याय, तो लाखभर रुपयांच्या वाहनाला नको काय?

डेमोची गाडी म्हणजे ग्राहकांना चालवून पाहण्यासाठी विक्रेत्याने राखलेली गाडी. तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तिची देखभाल अधिकृत कार्यशाळेत झालेली असते, विकणारा उद्या भेटण्याजोगा असतो. करोल बागेतल्या जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात पूर्वेतिहासाची एवढी खात्री क्वचितच मिळते. परंतु मीटरवर आकडा लहान दिसला म्हणून ती नवी ठरत नाही. इंजिन जपून चालवण्याचे जे पहिले काही शे किलोमीटर, नेमके तेच अनेक अनोळखी हातांनी क्लच-ब्रेकची परीक्षा पाहत कापलेले असतात.

म्हणूनच प्रथम पाहावी ती नोंदणीची तारीख. काही गाड्या विक्रेत्याच्या नावे नोंदलेल्या असतात. मग घेणारा कागदोपत्री दुसरा मालक ठरतो आणि पुढे विकताना त्याची किंमत त्याला मोजावी लागते. नोंदणीची 15 वर्षेही पहिल्या दिवसापासूनच सरू लागलेली असतात. दिल्लीत या वर्षांना विशेष मोल आहे. पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवली होती. 2025 मध्ये वाहनमालकांना काहीसा दिलासा मिळाला, तरी वाहनाचे वय हा राजधानीत जिव्हाळ्याचा प्रश्न राहिलाच आहे.

दुसरा प्रश्न किमतीचा. सूट मोजावी ती नव्या गाडीच्या आजच्या किमतीवर. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. या कपातीचा पूर्ण लाभ ग्राहकाला मिळाला, तर किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा जुन्या किमतीच्या फलकावरून मोजलेली आठ टक्के सूट ही मुळी सूटच नव्हे!

वाजवी सूट ठरवण्यासाठी विम्याची मोजपट्टी उपयोगी पडते. वाहनाचे विमामूल्य काढताना सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, सहा महिने ते वर्षापर्यंत 15 टक्के आणि दुसऱ्या वर्षात 20 टक्के घसारा धरला जातो. हा बाजारभाव नव्हे, पण विक्रेत्याशी बोलताना हाती आधार असतो.

समजा, नव्या गाडीची किंमत एक लाख रुपये आहे आणि आठ महिन्यांची डेमो गाडी 88,000 रुपयांत मिळते आहे. बारा हजार वाचल्याचा आनंद होतो. दोन्हींसाठी किमतीच्या 80 टक्के कर्ज तीन वर्षांसाठी घेतले, नव्या गाडीला 10 टक्के आणि वापरलेल्या गाडीला 14 टक्के व्याजदर धरला, तर नव्या गाडीवर सुमारे 12,900 आणि डेमो गाडीवर सुमारे 16,200 रुपये व्याज होते. म्हणजे रक्कम कमी घेऊनही व्याज 3,300 रुपयांनी अधिक! खरी बचत नऊ हजारांच्याही आत आली. वापरलेल्या वाहनाच्या कर्जाचा दर सहसा चढाच असतो; म्हणून किंमत ठरवण्याआधी बँकेत हप्ता विचारून घेणे शहाणपणाचे. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर अंथरूण आधी मोजायला हवे.

सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला केव्हाही बदलीची आज्ञा येऊ शकते. दुसऱ्या राज्यात वाहन 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर नव्याने नोंदणी करावी लागते. यावर तोडगा म्हणून 2021 मध्ये ‘बीएच’ क्रमांकमालिका सुरू झाली. पात्र कर्मचाऱ्याला नव्या गाडीसाठी ती आरंभीच निवडता येते. विक्रेत्याच्या नावे दिल्लीचा क्रमांक लागलेल्या गाडीला ही सोय आयती लाभत नाही.

एवढे पाहूनही सौदा पटला, तर कागद चोख असावेत. गाडीवर विक्रेत्याच्या कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35 घ्यावा. मालकी हस्तांतरासाठी नमुना 29 व 30 भरावेत. विमा 14 दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईत अडचण येते. हमीचा काळ कोणत्या तारखेपासून धरला आहे आणि किती मोफत सर्व्हिसिंग शिल्लक आहेत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ‘काळजी करू नका’ हे आश्वासन कोणत्याही दाव्याला जोडता येत नाही.

डेमोची गाडी घेऊ नये, असे नाही. ती वापरलेली गाडी आहे हे मान्य करून, वापरलेल्या गाडीच्या दरात आणि वापरलेल्या गाडीइतकीच तपासून घ्यावी. वरच्या उदाहरणातली गाडी 88,000 रुपयांना नाकारणे योग्य. 80,000 रुपयांना, कागद स्वच्छ असल्यास, ती विचारात घेण्याजोगी. विक्रेता उतरत नसेल, तर रिकाम्या हाताने परतण्यात कमीपणा कसला? बाजारात शिवण उसवलेला सदरा तरी कोण निमूटपणे घरी नेतो?