मांडव दोन दिवस राहू द्या

स्टुडिओ म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभात कंपनीचा भव्य स्टुडिओ, जिथे पुढे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दुसरे, पेठेतल्या फोटोवाल्याचे दुकान. एक स्टूल, दोन छत्र्या आणि मागे रंगवलेला पडदा. पहिल्यात हत्तीसुद्धा मावेल, पण तिथे आपल्याला कोण घेतो? दुसऱ्यात पासपोर्टचा फोटो झकास निघतो, पण घंगाळ मावत नाही. मला घंगाळाचा फोटो काढायचा होता. या लेखाचे निमित्त एवढेच.

आमचे बिऱ्हाड कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. आळीतल्या एका काकांनी साडेतीन फूट रुंदीचे घंगाळ आणि जुन्या घाटाचा एक बंब घडवला होता. गिऱ्हाईक परगावचे, एक मोठे हॉटेल. माल डोळ्यांनी न पाहता नुसत्या फोटोवर ते सौदा ठरवणार होते.

"तुझ्याकडे कॅमेरा आहे ना रे? मग काढ की दोन फोटो," काका म्हणाले.

मी वाड्याच्या चौकात उभे राहून दोनाचे वीस काढले. घंगाळाच्या पोटात आधी मी दिसलो, मग माझ्यामागची मोटारसायकल, मग वरच्या मजल्यावर वाळत घातलेली धोतरे. तांबे तेवढे दिसेना. चौक अरुंद, म्हणून रुंद भिंग लावून जवळून काढले, तर बंबाचे पोट सुटले आणि वरचे धुराडे बाहुलीच्या खेळातले वाटू लागले. आठ दिवसांनी हॉटेलचे उत्तर आले: काम ओबडधोबड दिसते, नको. ओबडधोबड काम माझे होते. नाकारला गेला तो महिनाभर एकेक ठोका मोजून मारणारा माणूस. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

त्यानंतर मी थोडा अभ्यास केला. चकचकीत तांब्याचा फोटो काढणे म्हणजे आरशाचा फोटो काढणे. आपण तांबे टिपत नसतो, तांब्यात उमटलेला परिसर टिपत असतो. म्हणून वस्तूवर प्रकाश टाकून भागत नाही. वस्तूला जे जे दिसते ते सारे पांढरे करावे लागते. वाटी असेल तर कागदाच्या खोक्यात हे जमते. साडेतीन फुटी घंगाळासाठी दहा-बारा फुटी पांढरी भिंत लागते, तीही तिन्ही बाजूंनी आणि डोक्यावर. शिवाय आकार बिघडू नये म्हणून कॅमेरा वीसेक फूट मागे न्यायचा आणि लांब पल्ल्याचे भिंग लावायचे. एवढी जागा पेठेत कोणाकडे आहे?

आमच्या वर्गातले एक विद्वान म्हणाले, कशाला खटाटोप, हल्ली मोबाईलच मागची पार्श्वभूमी पुसून देतो. देतो की! पण घंगाळामागची भिंत पुसता येते. घंगाळाच्या पोटात शिरलेली मोटारसायकल पुसू गेले तर तिच्याबरोबर तांबेही जाते, आणि मग उरते ते यंत्राने कल्पिलेले घंगाळ. काकांना स्वतःचे विकायचे होते.

उपाय सापडला तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. गणपती गेले होते आणि गल्लीतला मांडव रिकामा उभा होता. मांडववाला दोन दिवसांनी सोडायला येणार होता. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एका रात्रीपुरती परवानगी दिली आणि बांबूवर चढायला चार पोरेही. छताचे लाल-पिवळे कापड तसेच ठेवले असते तर तांब्याचे पितळ झाले असते, म्हणून त्याखाली धुतलेला मांजरपाट ताणला. दोन्ही बाजूंना त्याच्याच कनाती. मागे एक लांब पट्टा वरून सोडून जमिनीवर पुढे ओढला, मध्ये घडी पडू न देता, म्हणजे भिंत आणि जमीन यांचा सांधा दिसत नाही. मंडळाचे हॅलोजनचे दिवे कनातीबाहेर, कापडापासून चांगले दोन हात दूर ठेवले. आग लागली तर स्टुडिओबरोबर गल्लीही जायची. समोर पडदा, पडद्याला भोक, भोकात भिंग, आणि मी पडद्याआड. दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडाचे रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काम रात्रीच केले. काकूंनी आयत्या वेळी चिंच-मीठ लावून भांडी घासली, कारण तांबे फार वेळ लखलखीत राहत नाही.

फोटो निघाला. घंगाळ कसे, तर लोण्यात बुडवून काढल्यासारखे. मी खूश. काकांनी पडद्यावर पाहिले आणि विचारले, "अरे, माझे ठोके कुठं गेले?"

खरेच गेले होते. मठारकामाचे सारे मोल त्या ठोक्यांत. हातोडीचा एकेक ठसा शेजारच्याला चिकटून बसतो, त्याने पत्रा कणखर होतो आणि यंत्रावर दाबलेल्या भांड्यापासून हे भांडे वेगळे ओळखू येते. चारी बाजूंनी सारखा मऊ उजेड पडला की खळग्यांची सावली मरते. मग एका बाजूची कनात हातभर सरकवून तिथून तिरपा उजेड घेतला आणि दुसऱ्या बाजूला काळ्या कापडाची उभी पट्टी टांगली. ठसे उठले, कडा उमटली. हे मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, कॅमेरा कधी हातात न धरलेल्या माणसाने शिकवले. त्या फोटोंवर घंगाळ दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने घेतले. हॉटेलने पुन्हा विचारले नाही.

तंबूचा स्टुडिओ ही काही माझी अक्कल नव्हे. अर्व्हिंग पेन हा नामांकित अमेरिकन छायाचित्रकार असाच तंबू घेऊन न्यू गिनी, मोरोक्कोपर्यंत हिंडला आणि तिथल्या माणसांची चित्रे त्याने १९७४ साली पुस्तकरूपाने काढली. फरक इतकाच की त्याला तंबू वाहून न्यावा लागला. पुण्यात तो दरवर्षी आपसूक उभा राहतो.

आता माझे म्हणणे. गल्लीतले मांडव आणखी दोन दिवस ठेवा असे मी म्हणणार नाही. रस्ता अडतो, आणि त्यावर चिडणाऱ्यांत मीही असतो. पण आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर स्नेहसंमेलनाचा मांडव पडतो तो कोणाचाही रस्ता अडवत नाही. तो दोन दिवस जास्त ठेवावा आणि आळीतल्या कारागिरांना व पेठांतल्या घरांना सांगावे की आपल्या मोठ्या वस्तू घेऊन या. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) घरोघरचे दिवे आणि अडकित्ते जमवले म्हणून ते संग्रहालयात राहिले. वाडे पडताहेत तसे त्यांतले बंब आणि घंगाळे मात्र मोडीत चालली आहेत, किलोच्या भावाने. वितळण्यापूर्वी एक खरा फोटो आणि त्याखाली माप, घाट, घराची हकीगत एवढे तरी राहील. फोटो आम्ही काढू. हकीगत लिहून घेणे हे इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांचे काम, आणि ते फोटोहून अवघड आहे.

दोन दिवसांचे जादा भाडे कोण देणार, असे जिमखान्याचे सर विचारतील. गेल्या संमेलनात फटाक्यांवर किती खर्च झाला, एवढेच मी अदबीने विचारतो. यंदाची समिती नेमली गेली की मांडववाल्याला आधीच सांगून ठेवावे: छताला आतून पांढरे कापड लाव, लाल-पिवळे नको.