आमच्या गावात रीबस का नाही?

मागच्या विकांताला रूममेटने विचारलं, "अरे, स्कॉटलंडातल्या खुनांमध्ये तुझा एवढा जीव का अडकतो?" प्रश्न रास्त होता. स्कॉटलंडला मी गेलेलो नाही, तिथली व्हिस्की परवडत नाही आणि तिथली थंडी तर, तिवस्यात मे महिन्याचे ४५ अंश काढलेल्या माणसाला कल्पनेतही झेपत नाही. तरी हापिसातून आलो की इयन रँकिन उघडायचा, हे गेली दोन वर्षं चालू आहे. तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. आता जरा नीट सांगतो.

रँकिनचा इन्स्पेक्टर रीबस १९८७ साली पहिल्यांदा आला. हा गडी पितो, बायको सोडून गेलीय, वरिष्ठांशी पटत नाही. असले पोलीस ढिगाने सापडतात म्हणा. पण रीबस पुस्तकागणिक म्हातारा होतो आणि २००७ च्या कादंबरीत चक्क रिटायर होतो. शिवाय त्याचं एडिंबरा पर्यटकांना दाखवतात ते नाही. किल्ल्यापासून बसने थोडं लांब गेलं की लागणाऱ्या सरकारी वसाहतींचं, बेकार पोरांचं ते गाव आहे. रँकिन स्वतः फाइफमधल्या कार्डेन्डेन या कोळसा खाणींच्या गावचा. राजधानीत राहूनही तिच्याकडे बाहेरच्याच्या नजरेने बघणारा. पुण्यात राहणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही :)

आता आपल्याकडे बघा. मराठीत रहस्यकथांचा दुष्काळ कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. आमच्या आजोबांच्या पिढीने झुंजार आणि काळा पहाड अक्षरशः कुरतडून खाल्ले. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद कॉलेजात असताना मीही रात्र रात्र वाचलाय. मजा यायची, खोटं का बोला. पण ती वाचताना हे कधी आपल्या गल्लीत घडेल असं वाटलं नाही. तो नायक आमच्या एसटी स्टँडवर उतरलाच नसता.

आणि वऱ्हाडीत गंभीर काही लिहिता येत नाही, असंही नाही. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' लिहिली, त्यातली कौतिक तोंड उघडते ती वऱ्हाडीतच. पण सिनेमा-सिरियलीत आमची बोली कशाला? तर हसवायला. ग्लासगोच्या बोलीचंही बरेचदा तसंच होत असे. मग १९७७ साली विल्यम मॅकिल्व्हनी या शाळामास्तराने 'लेडलॉ' लिहिली. तिथली माणसं त्या बोलीत विनोदही करतात, धमक्याही देतात आणि रडतातही.

'लेडलॉ'ची गोष्ट मी दिवाळीत बाबांना सांगितली. कपाशी वेचायला आली होती, मजूर मिळत नव्हते, बाबा वैतागून अंगणात बसलेले. म्हटलं, यात खून कोणी केला ते वाचकाला सुरुवातीलाच कळतं.

"मंग पोलीस काय शोधून रायले?"

म्हटलं, पोलिसांना माहीत नाही ना. आणि मुलीच्या बापाच्या आधी त्यांना तो पोरगा सापडायला हवा, नाहीतर बाप त्याला मारेल.

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्या इकडं तसंच रायते. साऱ्यायले मालूम रायते. बोलत कोनी नाई."

मी सातवीत असताना नात्यातल्या एका गावात एका बाईचं प्रेत विहिरीत सापडलं. पाणी काढताना पाय घसरला, असं कागदावर आलं. त्या विहिरीवर पाणी काढायला कोणी जातच नव्हतं, हे आम्हा पोरांनासुद्धा माहीत होतं. तेराव्याला सगळे जेवायला गेले. आम्हीही गेलो. वांग्याची भाजी होती. ती भाजी मला आठवते आणि त्या बाईचा चेहरा आठवत नाही, याची लाज वाटते.

'खुनी कोण' हे कोडं शहराचं आहे, जिथे कोणी कोणाला ओळखत नाही. लहान गावातला प्रश्न 'कोणी का बोललं नाही' हा असतो. चांगले स्कॉटिश लेखक नेमका तोच धरतात. रँकिनची १९९७ ची 'ब्लॅक अँड ब्लू' रीबसला ॲबरडीनच्या तेलधंद्यात घेऊन जाते, आणि खुन्याचा माग काढता काढता आपण कंपन्या, पैसा आणि मिंधी झालेली माणसं वाचत बसतो. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. औषध बनवणारा, विकणारा, फवारायला पाठवणारा, तपासणारा अशी केवढी साखळी! यावर बातम्या आल्या, अहवाल आले. पण त्या साखळीतल्या एकेकाच्या दारात जाऊन बसणारा एखादा रीबस मला हवाय.

हेही बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच बग काढला. आमच्या टेस्टिंग टीमला लाजवेल असा. म्हणाले, "तुया इन्स्पेक्टरची तीन वर्षात बदली होईन. गाव समजाच्या आधी."

खरंच की! रीबस वर्षानुवर्षं एकाच शहरात मुरतो. आपल्याकडे मुरतो तो पोलीस पाटील. १९६७ च्या कायद्यानुसार गावात संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला कळवायचं काम त्याचं. बंदूक नाही, गाडी नाही, मानधन बेताचं. अर्धं गाव नात्यातलं, ज्याच्याबद्दल कळवायचं तो धुऱ्याला धुरा लागून असलेला शेजारी. आता तर बायकाही पोलीस पाटील असतात. समजा कुऱ्ह्याच्या रस्त्यावरच्या एखाद्या गावची अशी एक बाई आहे, सकाळी सहाला दार वाजतं, विहिरीवर माणसं जमलीत, आणि तिला आधीच माहीत आहे की तिथे पाणी काढायला कोणी जात नाही. फोन हातात आहे. ठाण्याचा नंबर लावायच्या आधी ती कोणाकोणाच्या तोंडाकडे बघेल?

लिहा रे कोणीतरी. मी पहिली प्रत रोख पैसे देऊन घेतो, आणि दुसरी बाबांसाठी.