पटावर आहे, पण मोजणीत नाही

वार्षिक अहवाल वाचला जातो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो त्या बहुतेक वेळा आकड्यांना. इतकं लेखन आलं, इतके सभासद सहभागी झाले, सरासरी इतकी उपस्थिती. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण तासभर वाद घालू, एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून चहा थंड होऊ देऊ. पण आकडा ऐकला की गप्प. आकडा म्हणजे पक्कं काहीतरी, असं आपण धरूनच चालतो. माझं मत नेमकं उलट आहे. आकडा हेसुद्धा एक वाक्यच असतं. त्याला कर्ता असतो, कर्म असतं, आणि बऱ्याचदा त्यातला कर्ता गाळलेला असतो. गाळलेला कर्ता शोधणं हे भाषेच्या माणसाचं काम आहे. म्हणून एसक्यूएलमधली मोजणी हा विषय मी मुद्दाम वाङ्मय मंडळाच्या अंकात आणतो आहे.

एसक्यूएल ही मुळात भाषाच. माहिती तक्त्यांमध्ये मांडून त्या तक्त्यांमधले संबंध वापरायचे, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्यावर प्रश्न विचारण्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएममधल्या दोघांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' नावाची भाषा सुचवली. तीच पुढे एसक्यूएल झाली. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही साध्या इंग्रजी शब्दांत माहितीला प्रश्न विचारता यावा, हा त्यामागचा एक हेतू होता. हेतू चांगला होता. पण साध्या शब्दांची एक अडचण असते: ते समजले असं आपल्याला फार लवकर वाटतं.

एक छोटं उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण कागदावर करून पाहता येतील. समजा मंडळाचे पाच सभासद आहेत. एका तक्त्यात सभासदांची नोंद, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्या तक्त्यात अंकासाठी आलेलं लेखन. प्रत्येक लेखनासमोर तो कोणाचा, हे सभासद क्रमांकाने लिहिलेलं. पहिल्या सभासदाने तीन कविता दिल्या, दुसऱ्याने दोन लेख, तिसऱ्याने एक कथा. चौथ्या आणि पाचव्याने काहीच दिलं नाही.

आता दोन्ही तक्ते जोडले, म्हणजे साधा जॉइन केला, आणि ओळी मोजल्या, तर उत्तर येतं सहा. अहवाल लिहिणारा घाईत असेल तर लिहून मोकळा होतो, 'सहा सभासदांनी लिहिलं.' मंडळात माणसं पाच, लिहिणारे सहा! इथे चूक लगेच दिसते कारण संख्या लहान आहे. सभासद दोनशे असते तर कोणाच्या लक्षात आलं असतं? जोडलेल्या तक्त्यातली ओळ म्हणजे माणूस नव्हे. ती एका माणसाची आणि एका लेखनाची जोडी असते. माणसं मोजायची तर 'डिस्टिंक्ट' लावून वेगवेगळे सभासद क्रमांक मोजावे लागतात. तेव्हा उत्तर तीन येतं.

गंमत म्हणजे आपल्या भाषेला हा फरक फार आधीपासून माहीत आहे. शिरगणतीत शिरं मोजायची, खानेसुमारीत घरं. काय मोजतोय ते शब्दातच आलेलं. 'काउंट' या शब्दात ते येत नाही, आपल्याला सांगावं लागतं.

'ग्रुप बाय'चंही तसंच. ज्यांच्या घरात दुकानाचा हिशेब कीर्द-खतावणीने ठेवला जायचा त्यांना हे नव्याने सांगायला नको. कीर्दीत रोजच्या नोंदी तारखेप्रमाणे येतात; खतावणीत त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर जातात. सभासद क्रमांकाप्रमाणे ग्रुप बाय करणं म्हणजे खतावणी करणं. आपल्या उदाहरणात ती केली की तीन ओळी मिळतात: तीन, दोन, एक. बेरीज सहा, ओळी तीन, म्हणजे सरासरी दोन. 'प्रत्येक सभासदामागे सरासरी दोन लेखन.' ऐकायला छान वाटतं. पण सभासद पाच आहेत. खरी सरासरी सहा भागिले पाच, म्हणजे १.२.

मग चौथा आणि पाचवा गेले कुठे? त्यांना कोणी काढलं नाही. साधा जॉइन फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवतो. ज्याची दुसऱ्या तक्त्यात एकही नोंद नाही तो निकालात येतच नाही. लाल अक्षरात कुठलीही सूचना नाही, एरर नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. चुकीचा आकडा तपासता येतो. पण न आलेली ओळ तपासायची कोणी? शून्य निदान दिसतं. ही माणसं शून्य म्हणूनसुद्धा उरत नाहीत.

शाळेतला हजेरीपट आठवा. पटावर चाळीस, हजर बत्तीस. गैरहजर मुलाचं नाव पटावरून जात नाही. त्याच्यापुढे खूण होते, आणि दोन-चार दिवस ती खूण दिसली की बाई विचारतात, 'अरे, तो का येत नाही?' हा प्रश्न पट आहे म्हणून विचारता येतो. नुसती हजर मुलांची यादी करणाऱ्या शाळेत रोजची हजेरी शंभर टक्के असते!

एसक्यूएलमध्ये पट राखायचा उपाय आहे: लेफ्ट जॉइन. डावीकडे सभासदांचा तक्ता ठेवायचा. त्यातली प्रत्येक ओळ निकालात येते. लेखन असेल तर लेखनासह, नसेल तर लेखनाच्या रकान्यात 'नल', म्हणजे रिकामं. पण इथेही जपून. काउंट(*) लिहिलं तर ते ओळी मोजतं, आणि रिकाम्या लेखनाची का होईना, ओळ तर आहेच. त्यामुळे चौथ्या-पाचव्यापुढे एक-एक येतो. न लिहिलेली कविता त्यांच्या नावावर जमा! त्याऐवजी लेखन क्रमांकाचा रकाना मोजला तर नल मोजला जात नाही, आणि खरं उत्तर येतं: तीन, दोन, एक, शून्य, शून्य.

दुसरा खड्डा त्याहून फसवा आहे. लेखनाच्या तक्त्यात मागच्या वर्षांचंही लेखन आहे आणि आपल्याला फक्त यंदाचं हवं, म्हणून शेवटी 'व्हेअर'मध्ये वर्षाची अट घातली. झालं! ज्याचं लेखनच नाही त्याच्या ओळीत वर्षही नल. नलची कशाशीही तुलना केली तर उत्तर 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं, ते 'अज्ञात' असतं; आणि व्हेअर फक्त 'हो' असलेल्या ओळी पुढे सोडतो. पुढच्या दाराने आत घेतलेली माणसं मागच्या दाराने बाहेर गेली. वर्षाची अट जॉइनच्या 'ऑन'मध्ये घातली तर ती राहतात. शब्द तेच, जागा वेगळी, अर्थ वेगळा. वाक्यात 'फक्त' कुठे येतो त्यावर अर्थ बदलतो, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळं शिकवायला नको.

आता तिसरा तक्ता आणू, कार्यक्रमांच्या उपस्थितीचा. पहिला सभासद दोन कार्यक्रमांना आला, दुसरा चार, तिसरा एकाही नाही, चौथा तीन, पाचवा एकाही नाही. एकूण उपस्थिती नऊ. हेही लेफ्ट जॉइनने जोडलं आणि दोन्ही गोष्टी एकदमच मोजायला घेतल्या. पहिल्या सभासदाच्या तीन कविता आणि दोन उपस्थिती यांच्या जोड्या होतात सहा. दुसऱ्याच्या दोन लेखांच्या आणि चार उपस्थितींच्या आठ. बेरीज करून पाहा: सहा लेखनांची झाली पंधरा, नऊ उपस्थितींच्या झाल्या सतरा. कविता आणि हजेरी यांचा एकमेकींशी संबंध काय? काहीच नाही. पण एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी जोडलं, म्हणून गुणाकार झाला. डिस्टिंक्टने ही मोजणी सावरता येते, पण पानांची बेरीज असेल तर तेही चालत नाही, कारण चार-चार पानांचे दोन लेख डिस्टिंक्टला एकच 'चार' दिसतात. सरळ रस्ता असा, की आधी लेखनाची खतावणी वेगळी करा, उपस्थितीची वेगळी, आणि मग दोन्ही बेरजा पटाला जोडा.

कोणी म्हणेल, हे कॉम्प्युटर विभागाचं काम, त्यांनी बघावं. नाही. गट कशाप्रमाणे करायचे हे कॉम्प्युटर ठरवत नाही. नावाप्रमाणे गट केले तर एकाच नाव-आडनावाच्या दोन मुली एक होतात, आणि दोघींचं लेखन एकीच्या खात्यावर जातं. क्रमांकाप्रमाणे केले तर त्या दोन राहतात. हा निर्णय माणसाचा असतो, आणि तो आपल्या भाषेपर्यंत येऊन पोचतो. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं होती १९,५६९. छाननीनंतर त्यातून १,३६९ मातृभाषा ठरवल्या गेल्या. १०,००० किंवा अधिक भाषक असलेल्या २७० मातृभाषा पुढे १२१ भाषांखाली आल्या. मराठीचा आकडा सुमारे ८.३ कोटी. त्या वर्गवारीत मालवणी कोकणीच्या गटात आहे आणि अहिराणी खानदेशीच्या. दोन्ही मराठीच्या आकड्यात नाहीत. हे बरोबर की चूक, हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच, की '८.३ कोटी' या आकड्यामागे गट पाडणारं कोणीतरी होतं, आणि त्याचा नियम कळल्याशिवाय आकड्याचा अर्थ कळत नाही.

त्याच जनगणनेत मातृभाषा एक आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांपर्यंत नोंद होते. आपल्यासारख्यांचं पाहा: घरी कोकणी, मंडळात मराठी, वर्गात इंग्रजी. माणूस एक, भाषेच्या ओळी तीन. भाषा येणाऱ्यांच्या बेरजा एकत्र केल्या तर लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं निघतील. आपण सगळेच साध्या जॉइनमध्ये तिप्पट होणारे लोक आहोत!

दुसरा आक्षेप असा येईल, की आता क्वेरी लिहायला यंत्रं आहेत, मराठीत विचारलं तरी लिहून देतात. देतात खरी. पण 'किती सभासदांनी लिहिलं' आणि 'सभासदांचं किती लेखन आलं' यातला फरक विचारणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर यंत्र त्याच्या अर्धवट प्रश्नाला पूर्ण वाटणारं उत्तर देईल. क्वेरी चालली म्हणजे ती बरोबर आहे असं नव्हे. चुकीची क्वेरीही तितक्याच वेगाने चालते.

साधा जॉइन वाईट, असं मी म्हणत नाही. अंकाची अनुक्रमणिका करायची असेल तर तोच हवा; तिथे न लिहिणाऱ्याचं नाव कशाला? पण मंडळ कसं चाललंय हे सांगायचं असेल तर पट हवा. आपल्या उदाहरणातला चौथा सभासद पुन्हा पाहा. लेखन शून्य, पण तीन कार्यक्रमांना हजर. लेखनाच्या यादीत तो नाहीच. कदाचित त्याचं शिक्षण कन्नड माध्यमात झालं असेल, देवनागरीत लिहायचा त्याला संकोच असेल, किंवा तो चांगला श्रोता असेल, बस्स. कारण काहीही असो, 'तू काही लिहिणार का?' असं त्याला विचारणं हे मंडळाचं काम आहे. यादीत नसलेल्या माणसाला विचारणार कसं? आणि पाचवा, लेखनही शून्य, उपस्थितीही शून्य, तो तर दोन्ही याद्यांत नाही. त्याचं नाव फक्त पटावर आहे.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, अहवालातल्या प्रत्येक आकड्याखाली एक पूर्ण मराठी वाक्य छापा: काय मोजलं, कशाप्रमाणे गट केले, कोणाला धरलं आणि कोणाला नाही. दुसरी, सरासरी काढताना भागाकार पटावरच्या संख्येने करा, यादीत आलेल्यांच्या नव्हे. तिसरी, शून्य किती जणांपुढे आहे तो आकडाही वाचून दाखवा. नावं जाहीर करू नका, त्याने माणसं दुखावतील; नावं कार्यकारिणीने आपल्याजवळ ठेवावीत आणि त्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी भेटावं.

यामुळे यंदाचे आकडे थोडे उतरतील. दोनच्या जागी १.२ वाचताना सचिवांचा आवाज जरा खाली येईल. येऊ दे. त्या १.२ मध्ये पाचही जण आहेत.