पेशीच्या बाहेर काय असते?

गेल्या पावसाळ्यात येथील मराठी मंडळींनी शालेय विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या निबंधस्पर्धेच्या परीक्षणाचे काम माझ्याकडे आले. विषय होता ‘पेशी आणि पर्यावरण’. नववी-दहावीच्या मुलांना या दोन शब्दांची सांगड घालावयास लावणे मला प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटले. शिवाय इंदूरमध्ये वाढलेली, शाळेत हिंदी वा इंग्रजीतून शिकणारी आणि मराठी केवळ घरात ऐकणारी ही मुले. त्यांच्याकडून फारशी अपेक्षा न ठेवताच मी त्या बेचाळीस निबंधांचा गठ्ठा सोडला. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा एखाद्या आजारावर माहितीपर लेख देण्याचे मी कबूल केले होते. तो बेत रद्द करून हे लिहीत आहे, याचे कारण त्या गठ्ठ्यातील एक निबंध आहे.

बहुतेकांनी अपेक्षित तेच लिहिले होते. झाडे लावा, प्लास्टिक टाळा, ओला-सुका कचरा वेगळा करा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा पहिला क्रमांक पटकावणाऱ्या शहरातील मुलांना हे पाठ असणारच. पेशीबद्दलही पुस्तकातील ठराविक वाक्ये होती: तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. एका मुलाने मात्र गंमत केली होती. तंतुकणिकेत कधी ‘बिजली गुल’ होत नाही, कारण ती साठा करत नाही, लागेल तशी ऊर्जा बनवते, असे त्याने लिहिले होते. हे त्याला कितपत समजून लिहिता आले कोण जाणे, पण ते बरेचसे खरे आहे. आपल्या शरीरात एका वेळी एटीपी फार थोडे असते. तेच रेणू पुन:पुन्हा वापरले जातात आणि दिवसभरात होणारी त्यांची उलाढाल जवळजवळ आपल्या वजनाइतकी भरते. त्या मुलाला मी उत्तेजनार्थ पारितोषिक दिले.

ज्या निबंधाविषयी सांगावयाचे आहे तो दहावीतील एका मुलीचा होता. तिने लिहिले होते, ‘पेशी आपला कचरा शेजारणीच्या दारात टाकत नाही. ती तो आपल्याच पोटात जिरवते. माणसाने तिच्यापासून शिकावे.’ वाक्य सुरेख होते आणि तिच्या मनात काय होते हेही स्पष्ट होते. ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ मध्ये लायसोसोम, म्हणजे आपल्या पुस्तकांतील लयकारिका, जगापुढे आणली आणि पेशी स्वतःचेच जीर्ण भाग गिळून पचविते या क्रियेला १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले. या स्वभक्षणाची यंत्रणा उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. मोडकी तंतुकणिका, बिघडलेली प्रथिने पेशी फोडते आणि त्यांतून निघालेला माल नव्या बांधकामाला वापरते. आमच्या विद्यार्थिदशेत लयकारिकेचे वर्णन आत्मघाताच्या पिशव्या असेच होते. ती वस्तुतः पेशीची भंगारवाली आहे, हे आम्हांला बऱ्याच उशिरा कळले.

परंतु त्या मुलीचे विधान अर्धेच खरे होते. पेशी सर्वच काही पोटात जिरवीत नाही. युरिया, युरिक आम्ल, औषधांचे अवशेष हे ती बाहेर टाकते, त्यासाठी पेशीपटलात खास पंप असतात. म्हणून समासात ‘अर्धसत्य’ असा शेरा लिहून मी तिचे दोन गुण कापले. त्यामुळे तिचा पहिला क्रमांक हुकला.

पारितोषिक वितरणाच्या दिवशी ती आपल्या आजोबांसह मला भेटली. तक्रारीचा सूर नव्हता, पण हातात निबंध होता.

“डॉक्टरकाका, पेशी जे बाहेर टाकते ते कुठे जातं?”

“रक्तात.”

“मग?”

“मूत्रपिंडात. तिथून लघवीवाटे बाहेर.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

आजोबा तिला “पुरे आता” म्हणून दटावू लागले. मीही हसून विषय बदलला. घरी आल्यावर मात्र ध्यानात आले, की मला उत्तर देता आले नव्हते. ‘मूत्रावाटे उत्सर्जन होते’ या वाक्यावर औषधशास्त्राचे आमचे प्रकरण संपत असे. परीक्षक तिथे पूर्ण गुण देत. पुढचे पान कुणी उलटलेच नाही.

सहव्यावसायिक मित्रांनो, आपण रोज लिहितो त्या मेटफॉर्मिनचेच पाहा. शरीरात त्याचे विघटन जवळजवळ होतच नाही; ते जसेच्या तसे मूत्रावाटे निघून जाते. सांडपाणी शुद्धीकरणाची सर्वसाधारण केंद्रे मैला आणि जंतू यांचा विचार करून बांधलेली असतात, औषधांचे रेणू अडविण्यासाठी नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत १०४ देशांतील २५८ नद्यांचे पाणी तपासले गेले. कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफीन हे त्यात सर्वाधिक ठिकाणी सापडले आणि सुमारे चौथा हिस्सा ठिकाणी कोणत्या ना कोणत्या औषधाचे प्रमाण जलचरांसाठी किंवा जंतूंमधील प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने सुरक्षित मानलेल्या मर्यादेपलीकडे होते. हैदराबादजवळील पटनचेरू येथे तर स्वीडिश संशोधक योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ही २००७ ची गोष्ट. ते औषध घेत असलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतके प्रमाण नसते.

नद्यांतील औषधांचे दुष्परिणाम एका नजरेत दिसत नाहीत, म्हणून ते मनाला फारसे लागतही नाहीत. मला जे लागले ते निराळे आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

१९९७ च्या सुमारास आमच्या गल्लीत एक गवळी राहत असे. त्याच्याकडची एक म्हातारी गाय लंगडू लागली, बसली ती उठेना. जनावरांचे डॉक्टर दोन दिवस येणार नव्हते. तो माझ्याकडे आला आणि मी कपाटातून डायक्लोफेनॅकची तीस मिलिलिटरची बाटली काढून दिली. दहा माणसांना पुरेल इतके ते औषध होते. सुईची जागाही मीच दाखविली. संध्याकाळी गाय उठून उभी राहिली आणि तो माझ्यासाठी खरवस घेऊन आला. दुसऱ्या दिवशी ती गेली. वयच झाले होते. रिवाजाप्रमाणे तिला शहराबाहेर ढोरे टाकण्याच्या जागी नेण्यात आले. लहानपणी त्या वाटेने जाताना तेथे गिधाडांची एवढी दाटी असे, की झाडांच्या फांद्या वाकलेल्या दिसत.

त्या वर्षांत ही गिधाडे का मरत आहेत हे कुणालाच उमगत नव्हते. विषाणूचा संशय होता. कारण कळले २००४ मध्ये. पाकिस्तानी पंजाबात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे तपासली. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफेनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या तेरांपैकी एकातही नाही.

यात पेशींचा भाग कोणता, हे त्या मुलीसाठी येथे लिहितो. पक्ष्यांच्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य युरियाच्या नव्हे, तर युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडते आणि मूत्रनलिकांच्या पेशी ते रक्तातून खेचून बाहेर टाकतात. गिधाडात डायक्लोफेनॅक गेले की नेमक्या याच पेशी मरतात. मग युरिक आम्ल रक्तात साचते आणि यकृतावर, हृदयाच्या आवरणावर खडूच्या भुकटीसारखी पांढरी पुटे चढतात. दोन-तीन दिवसांत पक्षी मान टाकतो. ज्या औषधाने माझ्या रुग्णांचे गुडघे हलके होत, त्यानेच हे होते. एकच रेणू, पण पेशी निराळी.

पुढची आकडेवारी वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. संशोधकांच्या हिशेबानुसार गिधाडांचा झालेला संहार घडून येण्यास १३० ते ७६० मृत जनावरांमागे केवळ एका जनावरात घातक प्रमाणात डायक्लोफेनॅक असणे पुरेसे होते. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारी नऊशे नव्व्याण्णव संपली. आमच्या गल्लीतील गाय त्या एकांपैकी होती की नाही, हे सांगता येणार नाही. पण ती असू शकेल, इतके औषध मी दिले होते.

आमच्याच व्यवसायातील काही मित्रांना हा सारा आक्रोश भावुक वाटतो. ‘माणसांची दुखणी निस्तरताना पुरेवाट होते, गिधाडांचे काय घेऊन बसलात?’ असे मला एका बैठकीत विचारले गेले. याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात भारतात दरवर्षी सुमारे एक लाख माणसे अधिक दगावली असावीत. कुजणारी कलेवरे, दूषित पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि रेबीज ही त्यामागील साखळी. हा अंदाज आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो. दुसरे उत्तर मला अधिक पटते. कोणत्याही रुग्णाला वेदनेत ठेवण्याची वेळ आलीच नव्हती. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही हे २००६ मध्ये सिद्ध झाले, त्याच वर्षी भारत, पाकिस्तान व नेपाळ यांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली आणि माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक आजही आपण लिहितोच. सोडावयाची होती ती फक्त मोठी बाटली. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतेच विकावे असा आदेश निघाला. ती बाटली गोठ्यात कशी जात असे, हे मी वर सांगितलेच आहे.

आणि धडा आपण शिकलो म्हणावे तर तेही नाही. डायक्लोफेनॅक गेले तशी असिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन आली. गाईच्या शरीरात असिक्लोफेनॅकचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होते. म्हणजे पाटी बदलली, दुकान तेच राहिले. जनावरांसाठी त्यांच्यावर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले. आज भोपाळजवळ केरवा येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे आणि २०२५ च्या गणनेत मध्य प्रदेशात सर्व जातींची मिळून बारा हजारांहून अधिक गिधाडे नोंदली गेली. आनंदाची गोष्ट आहे. तरी आमच्या बालपणीची ती वाकलेली झाडे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे, की डॉक्टरची जबाबदारी रुग्णाच्या त्वचेपाशी संपते ही समजूत आपण टाकून द्यावी. नद्यांतील मेटफॉर्मिन मी थांबवू शकत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला ते लागणारच. परंतु जी औषधे कुणाच्या पोटात न जाताच नाल्यात जातात, त्यांचे काय? मुदत संपलेल्या नमुन्याच्या बाटल्या मोरीत ओतून देणे ही आपल्या कित्येक दवाखान्यांतील दर वर्षअखेरची पद्धत आहे. मी ती स्वतः तीस वर्षे पाळली. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार अशी औषधे पिवळ्या पिशवीत जावयास हवीत आणि घरगुती कचऱ्याच्या त्याच वर्षीच्या नियमांनी मुदत संपलेली औषधे घातक कचऱ्यात धरली. नियम आहेत, सवय नाही. केरळने २०२५ मध्ये घरांतून न वापरलेली औषधे गोळा करण्याचा सरकारी उपक्रम सुरू केला. दारोदार फिरून सहा प्रकारचा कचरा वेगळा घेणाऱ्या आपल्या शहरात हे अशक्य का असावे? सरकारची वाट न पाहता आपल्या सभासदांच्या प्रत्येक दवाखान्यात एक पेटी ठेवता येईल. याहूनही अवघड काम मात्र आपल्या लेखणीचे आहे. पाच दिवसांचे औषध पुरत असता पंधरा दिवसांचे लिहिणे, खोकल्याबरोबर प्रतिजैविक जोडून देणे, रुग्ण समाधानी व्हावा म्हणून चिठ्ठी भरगच्च करणे, हे आपण करतो. माझ्याइतक्याच वर्षांची सवय असलेल्यांना हे वाचून राग येईल, याची मला कल्पना आहे.

त्या मुलीला मी पत्र लिहिले. कापलेले गुण परत देणे माझ्या हाती नव्हते. निकाल लागून गेला होता. पेशीविषयीचा माझा शेरा बरोबर होता हेही त्यात लिहिले, कारण ते खोटे सांगण्यात अर्थ नव्हता. ‘बाहेर म्हणजे कुठे’ याचे उत्तर मात्र तीन पाने भरले, त्यात गवळ्याची गायही आली. तिचे उत्तर चार ओळींचे आले. त्यातील शेवटची ओळ, ‘मग आता तुमच्या दवाखान्यात पेटी ठेवली का?’ अशी होती.

ठेवली. दिवाळीनंतरच्या सोमवारी, वजनकाट्याच्या शेजारी. पहिल्या आठवड्यात जे जमले ते शनिवारी रात्री मी टेबलावर ओतले. डोळ्यांत घालायचे थेंब, अर्धवट राहिलेली कफ सिरप, कुणाच्या तरी दिवंगत आईच्या हृदयविकाराच्या गोळ्या. आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून नीट गुंडाळलेली माझ्याच अक्षरातील चिठ्ठी आणि तिच्यासोबत अँटिबायोटिकच्या दहा गोळ्यांच्या पट्टीतील न उघडलेल्या सात गोळ्या.