उमेदवारीला जनगणना कशाला हवी?

नेतुंबो नांदी-नदैतवाह यांनी 21 मार्च 2025 रोजी नामिबियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. 1990 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात आज उपराष्ट्राध्यक्ष आणि संसदेच्या सभापतीही महिलाच आहेत. त्याच महिन्यात आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, कबीरधाम जिल्ह्यातील परसवारा गावी, निवडून आलेल्या महिला पंचांऐवजी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. पंचायत सचिवाला निलंबित करून प्रशासनाने हात झटकले. पण त्या गावाकडे बोट दाखवण्याआधी नागपूरने स्वतःकडे पाहावे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील बाराही मतदारसंघांतून पुरुषच आमदार झाले. 288 जणांच्या विधानसभेत महिला केवळ 21. 2019 मध्ये त्या 24 होत्या. डिसेंबर 2024 मध्ये याच शहरात शपथ घेतलेल्या 39 मंत्र्यांत महिला चार. ‘लाडकी बहीण’ योजनेतून तेव्हा दोन कोटींहून अधिक ‘लाडक्या बहिणीं’च्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा करणाऱ्या राज्याचे हे चित्र संतापजनक आहे. बहिणीचे मत हवे, तिची उमेदवारी नको, असाच याचा अर्थ होतो.

नागपूरला हे शोभत नाही. जुलै 1942 मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरलेल्या दलित महिला परिषदेने कायदेमंडळांत स्त्रियांसाठी राखीव जागा मागितल्या होत्या. अनसूयाबाई काळे 1937 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपसभापती होत्या आणि 1952 व 1957 मध्ये नागपूरच्या खासदार झाल्या. 1958 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर आजतागायत नागपूरने एकही महिला लोकसभेत पाठवलेली नाही. शेजारच्या रामटेकमध्ये 2024 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवार, माजी जिल्हा परिषद अध्यक्ष रश्मी बर्वे यांचा अर्ज जातवैधता प्रमाणपत्रावरून बाद झाला आणि उमेदवारी त्यांच्या पतीकडे गेली. पुढे उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द करण्याचा निर्णय फिरवला, तोवर पती खासदार झाले होते. त्या पेचात पक्षापुढे वेळ थोडा होता, हे मान्य. तरीही पर्याय म्हणून आधी नवराच आठवावा आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटू नये, हे परसवाऱ्याहून फार वेगळे नाही.

यावर पक्षांचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘निवडून येण्याची क्षमता’. ती येते कुठून? शहरातील सहा आमदारांपैकी देवेंद्र फडणवीस, विकास ठाकरे आणि प्रवीण दटके हे तिघे माजी महापौर आहेत. अर्चना डेहनकर, नंदा जिचकार याही महापौर होत्या. त्यांची वाट महापालिकेपाशीच थांबली. अनुभव तोच, पद तेच. फरक पक्षाचा एबी फॉर्म कोणाला मिळाला एवढाच. पुढे तर ती पहिली पायरीही काढून घेतली गेली. मार्च 2022 पासून तीन वर्षांहून अधिक काळ नागपूर महापालिकेवर प्रशासक होता. ज्या सभागृहात निम्म्या जागा कायद्याने महिलांच्या होत्या, तेच बंद राहिले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला होता खरा. पण तो लवकर सुटावा म्हणून कोणत्या पक्षाने जिवाचे रान केले?

नामिबियात यादी पद्धतीने निवडणूक होते, तिची तुलना इथे लागू नाही, असेही म्हटले जाईल. पद्धत वेगळी आहे, पण उमेदवार निवडण्याचा अधिकार दोन्हीकडे पक्षाचाच. सत्ताधारी स्वापो पक्षाने आपल्या यादीत एक पुरुष, एक महिला असा क्रम स्वतः ठरवला आणि 2014 च्या निवडणुकीत तिथल्या संसदेत महिला चाळीस टक्क्यांपुढे गेल्या. आपल्याकडे सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेने 454 विरुद्ध दोन मतांनी महिला आरक्षण मंजूर केले आणि ते जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेच्या मागे बांधून ठेवले. मार्च 2025 पर्यंत जनगणनेची तारीखही जाहीर नव्हती. मात्र एक तृतीयांश उमेदवारी महिलांना द्यायला कोणत्याही पक्षाला जनगणना लागत नाही, परिसीमन आयोग लागत नाही, घटनादुरुस्तीही लागत नाही. सभागृहात आरक्षणाच्या बाजूने मत देणाऱ्यांनी त्यानंतर जेमतेम वर्षभराने महाराष्ट्रात उमेदवार याद्या काढल्या, तेव्हा ते मत कुठे गेले होते? महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या यापुढच्या प्रत्येक निवडणुकीसाठी राखीव जागांपलीकडे, खुल्या जागांवरही महिला उभ्या करण्याची यादी भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी आजच तयार ठेवावी.