फायली आल्या, पण उघडतात का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य थांबवले आणि अनेक घरांत, संस्थांत नवा संगणक घेण्याची वेळ आली. मात्र, फायली कॉपी झाल्या म्हणजे काम संपले असे नाही. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील जुनी पत्रे, इतिवृत्ते तो फॉन्ट नव्या संगणकात नसेल तर निरर्थक अक्षरे दाखवतात. त्यामुळे फॉन्टही सोबत न्यावा आणि महत्त्वाच्या फायली उघडून पाहाव्यात. नव्या संगणकात आधीच भरलेली नको ती सॉफ्टवेअर सेटिंग्जमधील ‘ॲप्स’मधून काढता येतात. चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस काढल्यावर विंडोजचा ‘डिफेंडर’ आपोआप सुरू होतो. जुन्या संगणकाची डिस्क मात्र सर्व तपासून झाल्यावरच पुसावी. संगणक पुन्हा विकत घेता येतो. संस्थेचे वीस वर्षांचे दप्तर नाही.